सरपणाची कुऱ्हाड

आमच्या सासरी कुऱ्हाडीला नाव होतं. रेडा म्हणायचे तिला. बाईमाणसानं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं तर मनातसुद्धा आणायचं नाही, पण रेड्याचं नाव घरात दिवसभर चालायचं. रेडा कुठं ठेवलाय, रेड्याला तेल लावलं का, रेड्याच्या वाटेत बसू नको. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा मला वाटलं, गोठ्यात खरोखरचा रेडा असणार. सासूबाई म्हणाल्या, "रेड्याला बघून ये, उन्हात हाय का." मी पेंडी घेऊन गोठाभर शोधत फिरले. पुढं कित्येक वर्षं पाहुणे आले की ही गोष्ट निघायची आणि मी चुलीपुढं बसून तोंड फुगवायची.

आमचं गाव तुळजापूरच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजाराला चालत जावं इतक्या अंतरावर. जमीन होती, पण मुरमाड. चार महिने पिकवायची आणि आठ महिने नुसती बघायची. म्हणून घरात पिढीजात दुसरा धंदा होता, झाडं सवळायचा, म्हणजे नडणाऱ्या फांद्या छाटायचा. कुणाच्या विहिरीवर फांदी आली, कुणाच्या माळवदावर चिंच वाकली, कुणाच्या ज्वारीवर बाभळीची सावली पडायला लागली, की आमच्याकडं सांगावा यायचा. झाड बुडातून पाडणारे पायलीला पन्नास मिळतात. पण वर चढून हवी तेवढीच फांदी काढायची, खालचं घर, विहीर, पीक जसंच्या तसं ठेवायचं आणि झाडही जगवायचं, हे काम पंचक्रोशीत आमच्याच घरात होतं. माझ्या नवऱ्याला मी मालक म्हणायची. मालकांचे वडील हेच करत आले, त्यांचेही वडील हेच. निजाम गेला, जिल्हा आधी हैदराबादेत होता तो मुंबईकडं गेला, मग महाराष्ट्र झाला, कचेरीतले शिक्के बदलले. फांद्या काय, त्या आपल्या वाढतच होत्या.

रेडा सासऱ्यांच्या वापरातला. पातं असं जाड, की मी दोन्ही हातांनी उचलायची तरी कमरेच्या वर जायचा नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, की गावातले तरणे गडी आमच्या अंगणात यायचे. रेडा दांड्याच्या शेवटाला धरायचा आणि हात सरळ पुढं करायचा, अशी ती परीक्षा. बहुतेकांचं मनगट लगेच लटपटायचं. मालक मात्र रेडा तसाच धरून दुसऱ्या हातानं पान तोंडात घालायचे, आणि वर विचारायचे, "चुना कुठं हाय?" मला त्या वेळी काय वाटायचं ते आता या वयात सांगायला हरकत नाही. छाती भरून यायची माझी.

घरात दुसरीही एक कुऱ्हाड होती, सरपणाची. चुलीपुरतं लाकूड फोडायला बायकांच्या हाताला झेपेल अशी हलकी. पूजेच्या पाटावरसुद्धा तिला जागा अगदी शेवटी, विळ्याच्या पलीकडं. तिला नाव नव्हतं. घरातला पुरुष तिला हात लावायचा नाही. लावला तर दुसऱ्यानं हटकलंच, "का रं, भाकरी थापायला बसतोस का आता?"

आणि एका उन्हाळ्यात मालक जांभळीवरून पडले.

जांभळीच्या फांदीचा भरवसा नसतो हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोराला ठाऊक. वरून हिरवीगार दिसते आणि आतून ठिसूळ. येडशीच्या अंगाला एका मळ्यात काम होतं. फांदी मोडली आणि मालक रेड्यासकट खाली आले. नशीब बलवत्तर म्हणून खाली नांगरलेली मऊ माती होती. उजवा खांदा निखळला. बैलगाडीत घालून आणलं तेव्हा तोंड राखेसारखं झालेलं, तरी मला म्हणतात कसं, "रेडा आणलाय का बघ." मी म्हटलं, "चुलीत घाला तुमचा रेडा!" आणि हमसून हमसून रडले.

हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं खांदा बसवला. तेल झालं, शेक झाला, गळ्यात झोळी झाली. दिवाळीपर्यंत खांदा मोकळा झाला. मालक मोट हाकायला लागले, पोती उचलायला लागले, धाकट्या दिराशी पंजा लढवून त्याला हरवलंसुद्धा. मी तुळजापूरला जाऊन आईची ओटी भरून आले. वाटलं, सुटलो.

पण झाडाचं काम आलं की गाडं अडायचं. मालक रेडा खांद्यावर टाकून जायचे, झाडाखाली उभे राहायचे. आमच्या घराण्याची एक रीत होती. कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंध्यावर हलकेच ठोकायचं, म्हणजे वर साप, पाखरू असेल ते सावध होतं, आणि म्हणायचं, "फांदी मागतो, झाड न्हाय." एवढं व्हायचं. मग मालक दांडा हातात फिरवून बघायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि म्हणायचे, "दांड्यात खोट हाय." आणि घरी परत.

पहिल्यांदा मला खरंच वाटलं. पडताना दांड्याला इजा झाली असेल, असेल बाबा. धावड्याचा जुना काळाकुळकुळीत दांडा काढून बाभळीचा बसवला. तो हाताला टोचतो म्हणाले. मग बोरीचा आला. तो वळलेला निघाला. वेळूचा आला, तो हलतो. मग रामलिंगाकडच्या रानातून मेव्हण्याकडून पुन्हा धावडा मागवला. तो तासला, घासला, तेल पाजलं, पाचर मारली, आणि मालक मोठ्या ऐटीत शेजारच्या गावी चिंच सवळायला गेले. भाकरी थापून होईपर्यंत परत आले.

"काय झालं?"

"गाठ हाय त्यात. ऐन मुठीत येतीया."

शेजारचे एक म्हातारबुवा ओसरीवर बसून हे सगळं बघायचे. ते म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणत्यात. तुमच्या घरी तर निस्ता दांड्यांचाच काळ आलाय." मी सगळे जुने दांडे चुलीत घातले. धावडा काय छान जळतो म्हणून सांगू! चार भाकरी होईस्तोवर निखारा हलत नाही. मालकांनी ते बघितलं आणि दोन दिवस अबोला धरला.

मला दिसत होतं ते एवढंच, की खांद्याला रेडा जड होतोय आणि हा माणूस कबूल करत नाही. पुरुषाला हलकं हत्यार घ्यायला सांगणं म्हणजे त्याला लुगडं नेसायला सांगण्यासारखं. तरी मी धीर केला. मालक वाशीच्या बाजाराला निघाले होते तेव्हा म्हटलं, "मीबी येती. एखादी नवी कुऱ्हाड बघू. जरा हलकी."

"हलकी कशाला?"

"माझ्या हौसंला!"

बाजारात घिसाड्यांचं पाल होतं. पुरुष ऐरणीवर लोखंड धरून बसलेला आणि त्याची बायको उभी राहून घण मारत होती. काय बाई ती! दंडावरचं गोंदण घणाबरोबर वर जायचं आणि खाली यायचं. समोर गोणपाटावर कुऱ्हाडी मांडलेल्या. मालकांनी एकेक उचलून बघायला सुरुवात केली. दोन बोटांत लटकवायची, नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचा, दांडा घालायच्या भोकातून एक डोळा मिटून सूर्याकडं बघायचं, म्हणजे भोक सरळ पाडलंय का ते कळतं. कुऱ्हाड कशी निवडावी ते त्यांच्याकडून शिकावं. तासभर हे चाललं. आणि शेवटी हात घातला तो कशाला? सगळ्यांत जाड पात्याच्या कुऱ्हाडीला.

मी एक बारीक पात्याची पुढं केली. "ही बघा की."

"ही सरपणाची."

घिसाडीण घण टेकवून थांबली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "दादा, म्या दीसभर घण मारते. रातीला हात ऱ्हायला पायजे ना जागेवर. जेवढं झेपंल तेवढंच घ्यावं. वजनाची मिजास एक दीस ऱ्हाती, दुखणं जलमभर."

मालक हसले, मान डोलावली, तिला म्हणाले, "बराबर हाय ताई तुमचं." आणि कुऱ्हाड न घेता एक नवा दांडा घेऊन आले! मी घरापर्यंत दहा पावलं पुढंच चालले. बरोबरीनं चालले असते तर रस्त्यावरच भांडण झालं असतं.

अशा तऱ्हेनं हिवाळा गेला. कामं दुसरीकडं जायला लागली. लोक तोंडावर काही म्हणायचे नाहीत, पण सांगावा यायचा बंद झाला. मालक दुपारचे ओसरीवर रेड्याला धार लावत बसायचे. धार इतकी झाली होती की हातावरचे केस निघावेत, पण झाडाला लागेल तर शपथ. हा माणूस आता पुन्हा झाडावर चढणार आहे की नाही, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात रात्रंदिवस होता. पोटाची काळजी नव्हती, मजुरी कुठंही मिळते. पण झाडावरून उतरले की त्यांच्या तोंडावर जे एक समाधान असायचं, अंगाला पाल्याचा वास, केसांत काड्या आणि डोळे हसरे, ते मला परत बघायचं होतं. खरं सांगायचं तर त्या तोंडाशीच मी संसार केला होता.

मग शाळेचं काम निघालं.

गावात नवी शाळा झाली होती, दोन खोल्यांची, वर पत्रे. शाळेपुढं जुना मोठा कडुलिंब. त्याची एक दांडगी फांदी पत्र्यावर आली होती आणि वारं सुटलं की पत्र्याला घासून असा करकर आवाज करायची की पाढे ऐकू यायचे नाहीत. हेडमास्तर तुळजापूरकडचे, घरात तीन पिढ्यांची मास्तरकी, फार गोड माणूस. ते स्वतः आमच्याकडं आले. म्हणाले, "वळवाच्या आत ही फांदी निघाली पाहिजे. नाहीतर मोडून पत्र्यावर येईल. बांधकामवाल्यांचा माणूस म्हणतो, अख्खा लिंबच बुडातून काढतो. मला ते नको आहे. पोरं सावलीला कुठं बसतील? तुम्ही काढा."

मालक म्हणाले, "काढतो की गुरुजी. दांडा जरा..."

"उद्याच या," असं म्हणून हेडमास्तर उठलेच. बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक रेडा आणि मोटेचा जुना नाडा, म्हणजे जाड दोर, घेऊन निघाले. मी पाठोपाठ गेले. सरपणाची कुऱ्हाड माझ्या हातात होती, खाली पडलेल्या डहाळ्या तोडून मोळी बांधावी म्हणून. लिंबाखाली गाव जमलेलं. शाळा सोडली होती, पोरं भिंतीवर चढून बसलेली, सरपंच आलेले, आमच्या शेजारचे म्हातारबुवासुद्धा काठी टेकत आलेले. मालकांनी बुंध्यावर ठोकलं. "फांदी मागतो, झाड न्हाय." बुंध्याभोवतीच्या दगडी कठड्यावर पाय ठेवला. वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पाय खाली घेतला, दांडा हातात फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

मी मनात म्हटलं, देवी, आता नको गं.

"दांडा सैल हाय," मालक म्हणाले. "उद्या येतो."

कुणी तरी फिसकन हसलं. सरपंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग. बांधकामवाल्याला सांगावा धाडतो." आणि मालकांनी मान खाली घातली. आयुष्यात मी त्यांची मान अशी खाली गेलेली बघितली नव्हती.

माझं डोकंच फिरलं. मी आधीच तापट, माहेरी मला मिरची म्हणायचे. राग त्या हसणाऱ्याचा होता, सरपंचाचा होता, की त्या मेल्या रेड्याचा, मला सांगता यायचं नाही. मी पदर कमरेला करकचून खोचला, कासोटा घट्ट केला, सरपणाची कुऱ्हाड पाठीमागं खोचली आणि कठड्यावर चढले.

"अगं! अगं, काय करतीस?"

"दांडा सैल हाय न्हवं तुमचा? माझा घट्ट हाय!"

माझं माहेर सोनारीकडचं. शेरडं राखत वाढलेली पोर मी, बाभळीच्या शेंगा आणि लिंबाचा पाला काढायला झाडावर चढायची सवय. पहिल्या बेचक्यापर्यंत गेले ती खारीसारखी. खालून बायका ओरडायला लागल्या, "बया, लाज हाय का न्हाय!" हेडमास्तर ओरडले, "बाई, खाली उतरा, कृपा करा!" मी कसली ऐकते. दुसऱ्या बेचक्यात गेले. तिथून ती पत्र्यावरची फांदी फुटली होती. फांदीवर पाय टाकला, कुऱ्हाड हातात घेतली, आणि तेवढ्यात वारं आलं.

फांदी हलली. मी खाली बघितलं.

खाली पत्रे चकाकत होते. माणसं केवढीशी दिसत होती, सगळ्यांची तोंडं वर. माहेरच्या बाभळी एवढ्या उंच नव्हत्या आणि तेव्हा मी पोर होते, मरण म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आता माहीत होतं. एका हातानं बुंध्याला मिठी मारली, दुसऱ्या हातातली कुऱ्हाड सुटेना. वरही जाता येईना, खालीही येता येईना. हाक मारावी म्हटलं तर आवाजच फुटेना. खालचे लोक काही तरी बोलत होते, मला नुसती गुणगुण ऐकू येत होती.

मग धाडकन काही तरी पडल्याचा आवाज आला. तो रेडा होता. मालकांनी तो टाकून दिला होता आणि नाडा खांद्यावर मारून ते वर येत होते. कसे आले, कुठं पाय ठेवला, मी बघितलं नाही. एकदम त्यांचा हात माझ्या कमरेला लागला आणि तंबाखूचा ओळखीचा वास आला.

"खाली बघू नको. माझ्याकडं बघ."

"बघती."

"कुऱ्हाड दे हिकडं."

"सुटंना."

त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. मग माझ्या कमरेला नाडा बांधला, त्याचं टोक वरच्या खोडाला घातलं, आणि माझ्या शेजारी बेचक्यात बसले. त्यांचा श्वास जोरात चालला होता.

"भ्या वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"लई," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

खाली हेडमास्तर विचारत होते, "शिडी आणू का?" मालकांनी वरूनच ओरडून सांगितलं, "थांबा गुरुजी, फांदी बघतोय!" मग माझ्या कानाशी तोंड आणून अगदी हळू म्हणाले, "मलाबी वाटतं. जांभळीवरनं पडल्यापास्नं. खांदा कवाच बरा झालाय. बुंध्याला हात लावला की ती फांदी मोडल्याला आवाज कानात येतो. दांड्यात काय बी खोट न्हाय गं. एकाबी दांड्यात नव्हती."

मी रडायची थांबले. म्हणजे हे दिवाळीपासून असं! मी खांद्याला तेल चोळत बसले, ओटी भरली, दांडे जाळले, भांडले, आणि या माणसाच्या कानात तो आवाज. मला त्यांची इतकी माया आली की तिथंच, गावासमोर, झाडावर, मी त्यांच्या दंडाला डोकं टेकलं. आणि लगेच रागही आला.

"मग सांगितलं का न्हाई मला?"

"काय सांगू? रेडा धरणाऱ्यानं म्हणायचं, मला भ्या वाटतं?"

"म्हणायचं!"

"बरं, म्हटलं की आता."

आणि आम्हाला दोघांनाही हसू फुटलं. खालून सगळं गाव बघतंय, पोरं भिंतीवर टाळ्या पिटतायत, आणि वर आम्ही दोघं पाखरांसारखे बेचक्यात बसून हसतोय. खालच्या बायकांनी पुढं त्याचे काय काय अर्थ काढले ते मला ठाऊक आहे.

मग मालकांनी मला धरून धरून खालच्या रुंद बेचक्यात उतरवलं. म्हणाले, "हितं बसून ऱ्हा, काम हुईपर्यंत." काम? मी वर बघितलं. त्यांनी माझ्या कमरेचा नाडा सोडून वर नेला, त्याचं एक टोक फांदीला बांधलं, उरलेला नाडा वरच्या बेचक्यातून खाली सोडला आणि गड्यांना ओरडून सांगितलं, "ताणून धरा रं!" डाव्या हातानं लिंबाच्या खोडाला मिठी मारली आणि उजव्या हातात माझी सरपणाची कुऱ्हाड घेतली. आधी खालच्या बाजूनं घाव, म्हणजे फांदी मोडताना साल ओरबाडत जात नाही. मग वरच्या बाजूनं. एका हातानं! ठक ठक ठक, ढलप्या माझ्या डोक्यावर पडत होत्या आणि मी मान वर करून बघत होते.

तेव्हा मला उमजलं, आणि मला वाटतं त्यांनाही तेव्हाच उमजलं. रेडा चालवायला दोन्ही हात लागायचे. दोन्ही हात कुऱ्हाडीला म्हणजे झाडाला धरायला काही उरत नाही. सासऱ्यांची सगळी हयात तशी गेली, ते पडले नाहीत, म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही. ही हलकी कुऱ्हाड एका हातात मावत होती, आणि दुसरा हात झाडापाशी राहत होता. भीती वाटली तर धरायला एक हात मोकळा. एवढी साधी गोष्ट, आणि घराण्याच्या नाकापायी कुणी बघितली नव्हती.

फांदी कडकड करत सुटली, नाड्यावर लोंबकळली आणि पत्र्याला न शिवता हळूहळू जमिनीवर आली. हेडमास्तरांनी टाळी वाजवली. लिंब तसाच उभा राहिला. मालक मला घेऊन खाली उतरले तेव्हा केसांत काड्या होत्या आणि तोंडावर ते माझं समाधान होतं. सगळ्यांसमोर म्हणाले, "दांडा घट्ट निघाला हिचा." लोक काय समजायचं ते समजले.

पुढच्याच बाजारी आम्ही रेडा घेऊन त्याच घिसाड्यांकडं गेलो. मालकांनी स्वतः सांगितलं, "ह्याचं लोखंड उतरवा. पातं बारीक करा." रेड्याचं पारडू करायचं ठरलं, असं मी म्हटलं आणि घिसाडीण खो खो हसली. उरलेल्या लोखंडाचा मला एक विळा झाला. कुऱ्हाड निवडायची मालकांची तऱ्हाही बदलली. नखानं टिचकी मारणं राहिलं, भोकातून सूर्य बघणं राहिलं, पण हात पुढं सरळ धरून बघणं गेलं. आता एका हातानं कुऱ्हाड डोक्याच्या वर धरायची आणि डावा हात पालाच्या खांबाला गुंडाळायचा. तसं बसता-उठता चार घाव हवेत मारायचे. जी त्यात जड झाली ती नको. घिसाड्यानं पातं दोनदा भट्टीत घालून आणखी उतरवलं, तेव्हा कुठं मालकांच्या मनाला आलं. बाजारातले लोक थांबून बघत होते, कुणी काही बोललंही असेल. मालकांचं लक्षच नव्हतं.

सांगावे परत यायला लागले. आता नाडा धरायला मी बरोबर जायची, कारण झाडाचा हिसका कसा असतो ते मला माहीत झालं होतं. आणि आमच्यात एक नवीच रीत पडली, ती गावात कुणाला ठाऊक नव्हती. झाडाखाली पोचलो, की मालक नाडा तपासायच्या निमित्तानं माझ्याजवळ यायचे आणि हळूच म्हणायचे, "भ्या वाटतंय." मी म्हणायची, "वाटू द्या. सावकास जावा." की चढायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. एकदाही खरचटलं म्हणून नाही.

एकदा येडशी स्टेशनाच्या पलीकडच्या मळ्यात वडाची फांदी काढायची होती. सकाळ छान होती, मालक गाणं गुणगुणत आले होते. मळेवाल्यानं चहा पाजला. मालकांनी पागोटं काढून ठेवलं आणि सरळ बुंध्याकडं निघाले. मी वाट बघत होते.

"अवं," मी म्हटलं, "काय सांगायचं ऱ्हायलं का?"

ते वळले, मोठ्यानं हसले. "आज काय बी न्हाय! आज भ्या-बिया काय वाटंना."

मी पुढं झाले आणि त्यांच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. मळेवाला विचारायला लागला, काय झालं म्हणून. मी सांगितलं, "आज मालकांची तब्येत बरी न्हाय." मालक माझ्याकडं बघत राहिले, रागवायचं की हसायचं ते त्यांना कळेना. मग निमूट वडाखाली बसले. आम्ही फडकं सोडून भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वडाखाली गेलो. मालक नाडा बघायच्या निमित्तानं माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "वाटतंय गं."

मग मी कुऱ्हाड दिली.